इन्हेलरचं औषध फुप्फुसात किती अन् रक्तात किती, याचं मॉडेल कसं बनवाचं?

दिग्रसचा_फार्मावाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एम.फार्मले आहे, कॉलेज आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच. प्रोजेक्टले सालब्युटामॉलची (दम्यात आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणारं औषध) रोटाकॅप घेतली, म्हणजे मशीनमधे टाकून पूड तोंडानं ओढाची कॅप्सूल, २०० मायक्रोग्रॅमवाली, कारण आमच्याइकडे दम्याच्या निम्म्या पेशंटजवळ तेच दिसते. सर म्हणाले की गोळीचं जसं एक-कंपार्टमेंट मॉडेल (सगळं शरीर एकच डबा धरून) करता तसंच कर, डोस टाक, शोषणाचा रेट टाक, क्लिअरन्स (शरीर औषध किती वेगानं बाहेर काढते ते) टाक, वेळेसोबत रक्तातल्या औषधाचा कर्व्ह काढ, झालं. पण मले हे पटून नाई राहिलं. गोळीचं औषध आधी रक्तात जाते अन् मंग जिथं काम कराचं तिथं पोचते. इथं तं औषध आधीच कामाच्या जागी उतरते अन् तिथून रक्तात जाते, म्हणजे रस्ताच उलटा. मंग रक्ताचा कर्व्ह काढून मले फुप्फुसाबद्दल काय कळणार? दुसरं असं की २०० लिहिलं म्हणून मॉडेलात २०० टाकाचे का, कारण कॅप्सूल ओढल्यावर जिभेवर गोडसर लागते म्हणजे काही ना काही तोंडातच राह्यते, अन् मंग तोंडातलं जे गिळल्या जाते त्याचं काय कराचं. तिसरं, कॉलेजात महागडं सॉफ्टवेअर नाई, एक्सेल आहे अन् थोडंफार आर (आकडेमोडीची संगणकभाषा) येते. एवढ्यात काही इज्जतीचं काम होते का ते सांगा. सरांसोबत वाद नाई घालाचा, पण बरोबर तेच कराचं आहे.

मूळ_पुसदचा

भाऊ, तुले जे पटून नाई राहिलं ते बरोबरच नाई पटून राहिलं. मी इन्हेलरच्या फॉर्म्युलेशनमधेच काम करतो, आता गाव सुटलं पण पुसदचाच आहो. तुझ्या पहिल्या प्रश्नात सगळा विषय आला आहे, तो सोडू नको.

आधी डोसचं पाहू. कॅप्सूलमधे औषध एकटं नसते, बारीक दळलेलं औषध लॅक्टोजच्या जाड दाण्यांले चिकटवून भरलेलं असते. पेशंट जोरात ओढते तेव्हा हवेच्या झटक्यानं औषधाचे कण लॅक्टोजपासून सुटतात, जे सुटले ते आत जातात, जे चिकटून राह्यले ते लॅक्टोजसोबत घशावर आपटतात. तुले जे गोड लागते ते लॅक्टोज. म्हणजे ओढ कमी पडली तं औषध सुटतच नाई, कॅप्सूल रिकामी दिसली तरी.

आता आत गेलेला कण कुठं बसते हे त्याच्या एरोडायनॅमिक व्यासावर (हवेत तो केवढ्या कणासारखा वागते त्यावर) ठरते. आपण धान उफणतो तेव्हा भरीव दाणा पायाशी पडते अन् कोंडा दूर जाते, तसंच काहीसं. ५ मायक्रॉनच्या वरचे कण वळणावर वळू शकत नाईत, घशात नाई तं मोठ्या नळ्यांच्या फाट्यावर आपटतात. १ ते ५ मधले खाली जातात अन् हळूहळू बसतात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे ना आपटतात ना बसतात, बरेचसे उच्छ्वासासोबत बाहेर निघून जातात. त्याहून बारीक असले तं मंग डिफ्यूजननं, म्हणजे हवेत इकडंतिकडं भटकत, भिंतीले लागतात.

डॉक्टर लोकं 'श्वास ओढून १० सेकंद धरून ठेवा' म्हणतात नं, त्याचं गणित करून पाहय, लय समाधान वाटते. पाण्याएवढ्या घनतेचा ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाले साधारण पाऊण मिलिमीटर खाली येते, ३ मायक्रॉनचा पाव मिलिमीटरच्या थोडा वर, अन् १ मायक्रॉनचा फक्त ०.०३५ मिलिमीटर. वेग व्यासाच्या वर्गात बदलते. आता अल्व्हिओलस (फुप्फुसाच्या टोकाचा हवेचा फुगा) केवढा, तं पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ३ मायक्रॉनच्या कणाले एक सेकंद पुरते, पण १ मायक्रॉनच्या कणाले तेवढंच अंतर उतराले सात-आठ सेकंद लागतात. श्वास लगेच सोडला तं तो कण आला तसाच बाहेर. डॉक्टरच्या त्या एका वाक्यामागं स्टोक्सचा नियम (कण किती वेगानं खाली येते ते सांगणारा) बसलेला आहे, तुझ्या थेसिसमधे हे एक पान नक्की टाकजो.

फुप्फुसातल्या नळ्यांचा नकाशा वायबेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९६३ मधे दिला, श्वासनलिकेपासून अल्व्हिओलसपर्यंत २३ पिढ्या, दर पिढीले एका नळीच्या दोन. पहिल्या सोळाएक पिढ्या फक्त हवा वाह्याले, पुढच्या पिढ्यांत गॅसची देवाणघेवाण. आजही बहुतेक डिपॉझिशन मॉडेलं (कण कुठं किती बसतात ते सांगणारी) त्याच्यावर किंवा त्याच्या सुधारलेल्या रूपावर उभी आहेत. १९९४ मधे आयसीआरपीनं (किरणोत्सारापासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) जे फुप्फुसाचं मॉडेल काढलं, ६६ नंबरचं प्रकाशन, ते मुळात किरणोत्सारी धूळ श्वासात गेली तं डोस किती पडते यासाठी होतं, औषधवाल्यांनी ते उचललं. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या धुळीले जे गणित लागते तेच तुझ्या रोटाकॅपले लागते, कणाले काय माहीत तो औषध आहे का धूळ.

आता एक हिशोब लाव. आकडे समजाले म्हणून धरतो, तुझे तू मोजजो. २०० पैकी समज ४० फुप्फुसात गेले, १२० तोंडा-घशात बसून गिळल्या गेले, ४० कॅप्सूल अन् डिव्हाइसमधेच राह्यले. सालब्युटामॉल तोंडावाटे घेतलं तं आतड्याच्या भिंतीत अन् लिव्हरमधे त्याले सल्फेट जोडल्या जाऊन ते बदलून जाते, साधारण अर्धंच जसंच्या तसं रक्तात पोचते. म्हणजे गिळलेल्या १२० मधून ६० रक्तात आले अन् फुप्फुसातून ४० आले. पाह्यलं का? रक्तातलं जास्त औषध फुप्फुसातून आलंच नाई, पोटातून आलं! अन् तू त्या कर्व्हवरून म्हणशील की इन्हेलर मस्त पोचून राह्यलं.

हेच फ्लुटिकासोन प्रोपियोनेट (इन्हेलरमधलं स्टिरॉइड) घेतलं असतं तं गिळलेलं १ टक्काही रक्तात येत नाई, लिव्हर सगळं खाऊन टाकते, मंग रक्तात जे दिसते ते जवळपास सगळं फुप्फुसातूनच आलेलं. ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टिरॉइडचं गिळलेलं १० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून एकच मॉडेल सगळ्या इन्हेलरले लावता येत नाई, औषध पाहून पोटाचा रस्ता जाड का बारीक ते ठरवाचं.

आर्णीचं_मेडिकल

मी फार्मासिस्ट, दुकान चालवतो, मॉडेल वगैरे आपल्याले येत नाई पण पुसदच्या भाऊनं लिहिलं ते वाचून राहवलं नाई. पोरा, तुझ्या मॉडेलात एक पेशंट असाही टाकजो जो कॅप्सूल पाण्यासोबत गिळून टाकते. हसण्यावारी नेऊ नको, खरंच गिळतात. कॅप्सूल दिसली की माणूस गिळणारच, त्यात त्याची काय चूक, त्याले कोणी दाखवलंच नसते. तुरीचं थ्रेशर सुरू झालं की दम लागलेली माणसं येतात, कापूस वेचणाऱ्या बायाही येतात, चिठ्ठीवर रोटाकॅप लिहिलेली असते अन् मशीन घेतलेलीच नसते कारण तिचे पैसे वेगळे. मी विचारतो, बाई औषध कसं घेता, तं म्हणते सकाळ-संध्याकाळ एक-एक घेते ना भाऊ, चहासोबत. या माऊलीचा फुप्फुसाचा आकडा शून्य, बरोबर ना?

दुसरं, पावसाळ्यात लोकं सोय म्हणून पट्टीतून सगळ्या कॅप्सुला काढून डबीत भरून ठेवतात. आतली पूड दमट होऊन गोळा होते, मशीनमधे फिरवली तरी उडत नाई. तिसरं, काही बुढे मशीन तोंडाले लावून आधी आत फुंकर मारतात, मंग ओढतात, तोवर अर्धी पूड बाहेर. ही सगळी माणसं २०० मायक्रोग्रॅमवालीच आहेत तुमच्या हिशोबात.

दिग्रसचा_फार्मावाला

मेडिकलवाले दादा, मस्त सांगितलं तुमी, ही चहावाली केस मी खरंच मॉडेलात घेतो, गिळलेलं २०० अन् फुप्फुसात ०, रक्तात तरी १०० च्या आसपास येईल! म्हणजे जिनं नीट ओढलं तिच्या अन् हिच्या रक्ताच्या एकूण आकड्यात काहीच फरक नाई दिसणार?? पुसदच्या भाऊ, मंग वेगळं ओळखाचं कसं? अन् मॉडेलात फुप्फुसाच्या आत किती डबे (कंपार्टमेंट) काढाचे तेही सांगा.

मूळ_पुसदचा

फरक दिसते, पण वेळेत दिसते, एकूण आकड्यात नाई. फुप्फुसातून सालब्युटामॉल मिनिटांत रक्तात येते, पोटातून याले वेळ लागते, तासाच्या पुढं-मागं जाते. म्हणून पहिला अर्धा तास सोन्याचा. १९९२ साली हिंडल अन् क्रिस्टिन यांनी हेच वापरून पद्धत काढली, इन्हेलर घेतल्यावर पहिल्या ३० मिनिटांच्या लघवीत न बदललेलं सालब्युटामॉल किती आलं ते मोजाचं, त्यातलं जवळपास सगळं फुप्फुसातून आलेलं असते कारण पोटाचं अजून पोचलंच नसते. दुसरी पद्धत म्हणजे तोंडावाटे ॲक्टिव्हेटेड चारकोल द्याचा, तो गिळलेलं औषध पोटातच धरून ठेवते, मंग रक्तात येते ते फक्त फुप्फुसाचं. माणसांवर करणार असशील तं एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, एम.फार्मच्या वेळात ते अवघड आहे. पण तुझ्या मॉडेलनं या दोन्ही गोष्टी कागदावर करून दाखवता येतात, पोटाचा रस्ता बंद केला की कर्व्ह कसा बदलते, अन् पहिल्या अर्ध्या तासात दोघींचा फरक किती पडते. चहावाल्या बाईचा कर्व्ह अन् नीट ओढणाऱ्या बाईचा कर्व्ह एकाच ग्राफवर काढ, सर आपोआप समजतील, वाद घालाचं कामच नाई.

रक्त प्रत्यक्ष मोजाचा विचार असल तं आताच सांगतो, ४० मायक्रोग्रॅम औषध अन् पसराची जागा दीडशे लिटरच्या आसपास, भाग देऊन पाहय. मिलिलिटरले नॅनोग्रॅमच्या आतबाहेरचा मामला आहे, कॉलेजच्या यूव्ही मशीनले ते दिसणार नाई.

डब्यांचं असं. फुप्फुसाचे किमान दोन भाग कर, वरच्या नळ्या अन् खालचा अल्व्हिओलसचा भाग. वरच्या भागात न विरघळलेल्या औषधाले दोन वाटा आहेत, एक तं विरघळून पेशीत शिराचं, नाई तं शेंबडासोबत वर सरकत घशात येऊन गिळल्या जाचं, कारण नळ्यांवरचे केस सतत वर ढकलत राह्यतात. खालच्या भागात ते केस नाईत, तिथं न विरघळलेला कण मॅक्रोफेजच्या (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशीच्या) तोंडी लागते, पण ते काम लय संथ. सालब्युटामॉल सल्फेट पाण्यात पटकन विरघळते म्हणून तुले सरकण्याची वाट फार मोठी दिसणार नाई. फ्लुटिकासोन मात्र विरघळालेच तास लावते, त्याचा जो भाग वर बसला तो विरघळाच्या आधीच वर सरकून पोटात जाते अन् वाया जाते. त्या औषधाचं शोषण इतकं हळू की इंजेक्शननं दिलं तं रक्तातून लवकर उतरते अन् ओढून घेतलं तं उशिरा, कारण फुप्फुसच त्याले हळूहळू सोडत राह्यते. फ्लिप-फ्लॉप म्हणतात ते हेच.

रक्तपुरवठाही वेगळा ठेव. अल्व्हिओलसच्या भागातून हृदयाचं सगळंच रक्त जाते, मिनिटाले ५ लिटरच्या आसपास, अन् तिथली भिंत मायक्रॉनभरही जाड नाई. वरच्या नळ्यांले मात्र ब्रॉन्कियल धमन्यांचं, हृदयाच्या रक्ताच्या साधारण १ टक्का. म्हणून खालचं औषध भरकन निघून जाते अन् वरचं पेशीत टिकते. दमा मुख्यतः नळ्यांचा रोग, स्नायू तिथं आवळतात, औषध टिकाले पाह्यजे तेही तिथं. लय खोल गेलं म्हणजे लय चांगलं, असं सरसकट नाई.

पीएचसीवाली_डॉक्टर

मी मेळघाटाच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. चर्चा फार चांगली चालली आहे, दोन गोष्टी पेशंटच्या बाजूने घालते.

वर जे आकडे आहेत ते मोकळ्या नळ्यांचे आहेत. अटॅकमधला पेशंट असेल तर नळ्या आवळलेल्या, आत चिकट बेडका, हवेचा वेग अरुंद जागी वाढतो आणि कण वरच आपटतात. त्यामुळे औषध मधल्या भागात जास्त आणि कडेला कमी बसतं. फ्लुटिकासोनची रक्तातली पातळी निरोगी माणसांपेक्षा दम्याच्या पेशंटमध्ये कमी येते याचं एक कारण हेच आहे. नुसता रक्ताचा रिपोर्ट बघणारा म्हणेल की वा, साइड इफेक्ट कमी. पण औषध खालपर्यंत गेलेलंच नसतं. तुझ्या मॉडेलमध्ये निरोगी आणि आजारी असे दोन सेट ठेव, नाहीतर ते वापरणाऱ्याची दिशाभूल होईल.

दुसरं, ओढण्याची ताकद. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बाया माझ्याकडे येतात, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असतो, छातीत तेवढा जोरच उरलेला नसतो. पावडरच्या इन्हेलरला सगळी ऊर्जा पेशंटच्या श्वासातून मिळते, स्प्रेवाल्या इन्हेलरला ती डब्यातल्या गॅसमधून मिळते. म्हणून अशा पेशंटला आणि लहान मुलांना मी स्प्रे आणि स्पेसर (स्प्रेच्या तोंडाला लावायची पोकळ नळी) देते, मुलांना मास्कसकट. स्पेसरमध्ये मोठे कण भिंतीला लागून राहतात, फवाऱ्याचा वेग मंदावतो, घशात कमी आपटतं. दाबण्याची आणि ओढण्याची वेळ जुळवायची कसरतही राहत नाही. स्टिरॉइडचा इन्हेलर असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायला सांगते, तोंडात बुरशी येऊ नये म्हणून.

आणि मेडिकलवाले भाऊ, तुम्ही काउंटरवर दोन मिनिटं घेऊन रिकामं मशीन ओढून दाखवता का? पेशंटकडून करून घेता का? माझ्या ओपीडीत शंभराच्या वर पेशंट असतात तेव्हा मला प्रत्येकाला दाखवणं होत नाही हे मी मनापासून सांगते, आणि आशाताईंना मी हे शिकवायला घेतलं आहे. वाचणाऱ्यांनी मात्र हे आकडे बघून आपला डोस आपण वाढवू-घटवू नये, डॉक्टरांना विचारा.

आर्णीचं_मेडिकल

दाखवतो मॅडम. रिकामी मशीन काउंटरलेच ठेवली आहे. कॅप्सूल फिरल्याचा आवाज आला का ते कान देऊन ऐकाले सांगतो, आवाज नाई आला तं ओढ कमी पडली. अन् श्वास आधी पूर्ण सोडा, मशीनच्या बाहेर सोडा, मंग ओढा, हे तीनदा म्हणून घेतो त्यांच्याकडून.

गणितवाला_वाशीम

पोरा, मी ज्युनिअर कॉलेजले गणित शिकवतो, फार्मसीतलं कळत नाई पण समीकरणाचं सांगतो. वरच्यांनी जे डबे सांगितले ते सगळे साधे पहिल्या दर्जाचे डिफरन्शियल इक्वेशन आहेत, आरमधे डीसॉल्व्ह नावाचं पॅकेज फुकट आहे, त्यात आरामात सुटतात. एक्सेलमधे छोट्या-छोट्या वेळेच्या पायऱ्या घेऊनही होते, पण फुप्फुसाचे रेट मिनिटांचे अन् शरीराचे तासांचे, पायरी मोठी घेतली की आकडे उड्या माराले लागतात. त्यापरीस आरच बरं.

दर पायरीले सगळ्या डब्यांची बेरीज करजो, डिव्हाइसमधलं, तोंडातलं, फुप्फुसातलं, पोटातलं, रक्तातलं, बाहेर गेलेलं, सगळं मिळून २०० आलं पाह्यजे. नाई आलं तं पुढं जाऊच नको.

अन् खरी अडचण पुढं आहे. विरघळण्याचा रेट, पेशीतून शिरण्याचा रेट, वर सरकण्याचा रेट, फुप्फुसात बसलेला हिस्सा, हे सगळे तू एका रक्ताच्या कर्व्हवरून काढाले गेला तं उत्तर एक येणारच नाई, वेगवेगळ्या जोड्या तोच कर्व्ह देतील. कर्व्ह मस्त जुळला म्हणून मॉडेल बरोबर, असं समजू नको. जे बाहेरून मोजता येते ते बाहेरूनच मोज अन् मॉडेलात पक्कं करून टाक, शिरेतून दिलेल्या औषधाचा छापील डेटा घेऊन क्लिअरन्स पक्का कर, गिळलेल्याचा डेटा घेऊन पोटाचा रस्ता पक्का कर, मंग शेवटी एक किंवा दोनच गोष्टी उरल्या पाह्यजेत. ज्या उरतील त्या १० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत फिरवून पाहय, उत्तर किती हलते ते लिही. परीक्षक चांगला असल तं तेच विचारल.

मूळ_पुसदचा

गणिताच्या सरांचं शंभर टक्के. बाहेरून मोजाचं म्हणजे तुझ्या कॉलेजात काचेचं ट्विन इंपिंजर (मोठे अन् बारीक कण दोन भांड्यांत वेगळे पकडणारं उपकरण) असल, जुन्या कॉलेजांत राह्यते. मिनिटाले ६० लिटर हवा ओढली की ६.४ मायक्रॉनच्या खालचे कण खालच्या भांड्यात उतरतात, वरचे वरच्या भांड्यात. दोन्हीतलं औषध मोज, कॅप्सूल अन् मशीनमधे उरलेलं मोज, डोसचे तीन आकडे तुझे स्वतःचे झाले. कॅस्केड इंपॅक्टर (कण आकारानुसार अनेक थरांत वेगळे करणारं उपकरण) मिळालं तं सोन्याहून पिवळं, पण इंपिंजरवरही इज्जतीचं काम होते. मंग एक पट्टी कंपनीच्या पॅकमधली घे अन् एक मेडिकलवाल्या दादानं सांगितली तशी उघडी करून दमट हवेत ठेवलेली घे, दोन्हीचे आकडे मॉडेलात टाक. हे काम कोणाले इंग्लंड-अमेरिकेत सुचणार नाई, ते आर्णीच्या काउंटरवरच सुचते.

सॉफ्टवेअर म्हणशील तं डिपॉझिशनसाठी एमपीपीडी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण ते मुळात हवेतल्या धुळीसाठी अन् साध्या श्वासासाठी आहे, जोराची एक ओढ अन् मंग थांबणं हे त्यात विचार करून टाकाव लागते. शरीरभराच्या मॉडेलले पीके-सिम आहे, तेही मोफत अन् ओपन सोर्स.

दिग्रसचा_फार्मावाला

सगळ्याइले मनापासून धन्यवाद. इंपिंजर लॅबच्या कपाटात आहे, मी पाह्यलं आहे, कोणी काढत नाई. आता असं ठरवतो, एकच औषध सालब्युटामॉल, चार पेशंट: नीट ओढणारा, ओढ कमी असलेली म्हातारी, दमट कॅप्सूलवाला, अन् चहासोबत गिळणारी. प्रत्येकाचा फुप्फुसाचा कर्व्ह वेगळा अन् रक्ताचा वेगळा, शेजारी-शेजारी. निरोगी-आजारी दोन सेट मॅडमनं सांगितले तसे. सरांले आधी पहिला ग्राफ दाखवतो. डोस मायक्रोग्रॅममधेच ठेवू का मोलमधे करू?

मूळ_पुसदचा

मायक्रोग्रॅम चालते, पण आधी पट्टीवर पाहजो २०० हे सालब्युटामॉलचे लिहिले आहेत का सालब्युटामॉल सल्फेटचे (कॅप्सूलमधे भरतात तो त्याचा क्षार). बहुतेक पट्ट्यांवर सालब्युटामॉलच्या हिशोबात असते, अन् २०० सालब्युटामॉल म्हणजे २४० च्या आसपास सल्फेट होते. इंपिंजरमधलं मोजताना तुझं स्टँडर्ड सल्फेटचं असल तं तेवढं भागून घेजो, नाई तं गणिताच्या सरांची बेरीज २०० वर कधीच येणार नाई.